धंद्यासाठी राखीव तास

माझ्या दवाखान्यात येणारे बरेच दुकानदार डोकेदुखी आणि अपुऱ्या झोपेची तक्रार करतात. दिवसभर गिऱ्हाईक नि फोन. उधारी, खरेदी, नवा माल यांचा विचार रात्री अकरानंतर! मेंदू विचाराची दोन कामे एकदम करीत नाही, आलटूनपालटून करतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखविले की, अर्धवट सोडलेल्या कामात थोडे लक्ष मागेच अडकून राहते आणि पुढचे काम बिघडते. उपाय साधा आहे. दुकान उघडण्यापूर्वी एक तास राखून ठेवा. फोन घरच्यांकडे द्या, वही उघडा, धंद्याचा एकच प्रश्न हाती घ्या. रात्री मात्र वही मिटून सात तास झोपा. तरीही डोके दुखत राहिले, तर रक्तदाब तपासून घ्या.