सैनिकी खरेदीतील खर्चवाढ

सैनिकी खरेदीतील खर्चवाढ : युद्धसामग्रीच्या विकासासाठी व उत्पादनासाठी प्रारंभी मंजूर केलेल्या अंदाजापेक्षा प्रत्यक्षात होणारा अधिक खर्च. तुलना करताना चलनवाढीचा परिणाम वगळावा लागतो. ही समस्या अनेक देशांत आढळते. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचा तपशील काँग्रेसपुढे येत असल्याने तेथील तिन्ही सेनादलांची तुलना शक्य होते.

कारणे : योजना मंजूर व्हावी अशी सेनादलाची आणि करार मिळावा अशी कंपनीची इच्छा असल्यामुळे पहिला अंदाज बहुधा कमी ठेवला जातो. अपरीक्षित तंत्रविद्या, मागण्यांतील बदल आणि चाचण्या संपण्यापूर्वी सुरू केलेले उत्पादन यांमुळे खर्च वाढत जातो. खर्च वाढला की नगसंख्या घटवितात. मग विकासखर्च थोड्या नगांवर पडून प्रत्येक नग अधिकच महाग होतो.

वायुसेना : सी-५ए या मालवाहू विमानाचा खर्च सुमारे २ अब्ज डॉलरनी वाढेल, असे वायुसेनेतील मुलकी अधिकारी अर्नेस्ट फिट्‌झजेरल्ड यांनी १९६८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. पुढे त्यांचे पदच रद्द करण्यात आले. नियोजित ११५ विमानांऐवजी ८१ घेण्यात आली. बी-२ बाँबफेकी विमाने १३२ ऐवजी २१ च झाली व विकासखर्चासह प्रत्येक विमान सुमारे २ अब्ज डॉलरना पडले.

नौसेना : युद्धनौकेचा स्वतंत्र नमुना बांधणे परवडत नसल्याने वर्गातील पहिली नौका हाच नमुना ठरतो व तिच्यातील दोष बांधणीतच उघड होतात. झुमवॉल्ट वर्गाच्या ३२ विनाशिका योजिल्या होत्या. बांधल्या गेल्या तीन. जुन्या नौकेच्या नूतनीकरणातही असेच घडते. भारताने विक्रमादित्य या विमानवाहू नौकेसाठी रशियाशी २००४ मध्ये केलेल्या कराराची सुमारे ९७ कोटी डॉलरची किंमत २०१० पर्यंत २·३ अब्ज डॉलरच्या वर गेली.

भूसेना : येथे हानी बहुधा अर्धवट सोडलेल्या योजनांच्या रूपाने दिसते. सार्जंट यॉर्क ही विमानविरोधी तोफ सुमारे १·८ अब्ज डॉलर खर्चून १९८५ मध्ये, तर कोमांची हेलिकॉप्टर सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून २००४ मध्ये रद्द झाले.

नियंत्रण : सिनेटर सॅम नन व प्रतिनिधी डेव्ह मॅकर्डी यांच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद १९८२ पासून लागू आहे. प्रतिनग खर्च चालू आधारभूत अंदाजापेक्षा २५% किंवा मूळ अंदाजापेक्षा ५०% वाढल्यास योजनेची फेरतपासणी होते. ती राष्ट्रीय सुरक्षिततेस आवश्यक असल्याचे संरक्षणमंत्र्यांनी काँग्रेसला प्रमाणित केले, तरच ती पुढे चालते. सेंटिनल या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा अंदाज २०२४ मध्ये ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलर झाला, तरीही असे प्रमाणपत्र देऊन योजना चालू ठेवण्यात आली. पर्याय उरला नसल्यास कायद्याचा धाक कमी पडतो. म्हणून खरे नियंत्रण पहिल्या अंदाजाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. त्या अंदाजातील उणीव करदाता पैशाने भरून काढतो आणि सैनिकाच्या हाती मात्र कमी शस्त्रे येतात.