श्वानाच्या हृदयाचे ऋण

महसुली दप्तरात मौजे वारजे, तालुका हवेली, अशी नोंद असलेल्या मुठेकाठच्या या गावात पशुवैद्याची आठवण एके काळी गाय अडली किंवा बैल लंगडला म्हणजेच होत असे. पुढे पुणे शहराने गाव सामावून घेतले, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, कुत्री-मांजरे माणसांच्या बिऱ्हाडांत नांदू लागली, आणि खूर व कास तपासणाऱ्या विद्येला हृदयाचा ताल तपासण्याचे कर्तव्य प्राप्त झाले. मुळात १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा घोडा आणि गुरेढोरे हाच या विद्येचा मुख्य विषय होता.

वस्तुतः हृदयतालाचे शास्त्र आरंभापासून श्वानाचे ऋणी आहे. मानवी हृदयाचा विद्युत्-आलेख १८८७ साली लंडनमध्ये प्रथम घेणाऱ्या ऑगस्टस वॉलर याने १९०९ मध्ये रॉयल सोसायटीच्या समारंभात जिमी या आपल्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून हा प्रयोग दाखविला, तेव्हा क्रौर्याच्या शंकेने थेट पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाला. पाय भिजण्यापलीकडे जिमीला काही सोसावे लागले नव्हते. १९५८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बफेलो येथे शल्यचिकित्सक चार्डॅक आणि अभियंता ग्रेटबॅच यांनी हृदयाला ताल देणारा आपला पेसमेकर चालवून पाहिला तोही कुत्र्यावरच. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात असे यंत्र बसले. कुत्र्याला मात्र रुग्ण या नात्याने ते लाभण्यास साठीचे दशक सरत यावे लागले, आणि आपल्या देशात खुशी नावाच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीवर दिल्लीत ही शस्त्रक्रिया झाल्याची वार्ता आली ती २०२० च्या डिसेंबरात. हा विलंब मला अन्यायाचाच वाटतो.

मधल्या काळात विद्या सूक्ष्म होत गेली. श्वासाबरोबर नाडी कमीअधिक होणे निरोगी कुत्र्यात स्वाभाविक असते. उलट बॉक्सर आणि डॉबरमन यांच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे अवेळी ठोके प्राणघातक ठरू शकतात, म्हणून चोवीस तासांचा हॉल्टर आलेख घेऊन सोटालॉलसारखे औषध योजावे लागते. मांजरांत बहुधा हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार मुळाशी असतो. शिवाय कुत्र्याला तारणारे लिग्नोकेन हे औषध मांजराला अत्यल्प मात्रेतच सोसते. ठोक्यांचा संदेश वाटेतच अडून नाडी फार मंदावली, तर मात्र औषधांचा भरवसा धरता येत नाही आणि पेसमेकर हाच खरा उपाय उरतो.

असा रुग्ण अकस्मात कोसळतो आणि क्षणार्धात उठून उभाही राहतो, त्यामुळे घरची मंडळी ‘फीट आली’ असे समजून स्वस्थ बसतात, आणि अमूल्य काळ निघून जातो. तेव्हा वाचकहो, आपले जनावर असे पडले तर तो प्रसंग मोबाइलवर टिपून ठेवा, मांडीच्या आतल्या बाजूस नाडी पाहा, घरातील वडीलधाऱ्यांच्या हृदयविकाराची गोळी त्याला कदापि देऊ नका, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेऊन हृदयाचा आलेख काढण्याचा आग्रह धरा.