समुद्रसिंह कमी का झाले? एका कारणाच्या हट्टापलीकडे

काही वाईट घडले की आपण कार्यकर्ते आधी विचारतो, दोषी कोण? प्रश्न रास्त आहे. पण प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्याने त्याआधी विचारायला हवे: कोणत्या परिस्थितीत, आणि केव्हा? अलास्काच्या स्टेलर समुद्रसिंहांचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

खडकाळ बेटांवर पिल्ले घालणारा आणि समुद्रात मासे पकडून जगणारा हा प्रचंड सस्तन प्राणी. १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत पश्चिम अलास्कातील त्यांची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली. १९९७ मध्ये अमेरिकेने या पश्चिम समूहाला संकटग्रस्त ठरवले. त्याच जातीचा पूर्वेकडचा समूह मात्र वाढत गेला आणि २०१३ मध्ये संरक्षित यादीतून बाहेरही पडला. म्हणजे 'समुद्र बिघडला' एवढे उत्तर पुरत नाही.

पहिला संशय ट्रॉलरवर. पोलॉक माशाची तिथली मासेमारी जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारींपैकी एक. तिने प्राण्यांच्या तोंडचा घास काढला, असे म्हटले गेले. दुसरे म्हणणे असे की १९७६-७७ च्या सुमारास समुद्राचे तापमान बदलले, हेरिंगसारखे चरबीदार मासे घटले आणि पोलॉक वाढले. बंदिस्त समुद्रसिंहांना फक्त पोलॉक दिल्यावर त्यांचे वजन घटलेले दिसले आहे. १९८० च्या दशकातले प्राणी त्याच वयाच्या आधीच्या प्राण्यांपेक्षा लहान भरत होते, याच्याशी हे जुळते.

पण १९९० च्या दशकात पश्चिमेकडची पिल्ले पूर्वेकडच्या पिल्लांपेक्षा हडकुळी नव्हती, उलट अनेक ठिकाणी वजनदार होती. मग उपासमार कशी म्हणायची? त्यामुळे २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने शिकार, गोळीबार, जाळ्यात अडकणे अशा थेट मृत्यूंकडे बोट दाखवले. १९९० पर्यंत जाळी वाचवायला मच्छीमार गोळ्या झाडत. १९६३ ते १९७२ या काळात कातडीसाठी सुमारे ४५ हजार पिल्ले मारली गेली होती. हा हिशेब 'निसर्गाचा कोप' म्हणणाऱ्यांना सोयीस्करपणे आठवत नाही!

त्याच वर्षी आणखी एक सिद्धांत आला. व्यापारी शिकारीने मोठे देवमासे संपले, तेव्हा किलर व्हेल समुद्रसिंहांकडे वळले. ऐकायला सुंदर, पण ब्रिटिश कोलंबियातही देवमाशांची शिकार झाली, किलर व्हेल तिथेही आहेत, तरी समुद्रसिंह वाढले. उलट २००७ च्या एका अभ्यासात, मध्य अलास्का आखातात प्राणी जगण्याचे प्रमाण सुधारले तरी मादीमागे जन्म घटतच असल्याचे निघाले. म्हणजे अन्नाचा प्रश्न पुन्हा उभा.

माझे मत असे की इथे एकच खुनी नाही. प्रत्येक दशकात वेगळे कारण वरचढ होते. कालाम सुत्त ऐकीव गोष्टीवर विसंबू नका म्हणते. आपल्याला आवडणारी गोष्टही ऐकीव असू शकते, आणि कंपनीविरोधी असली म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही.

मात्र कारण पक्के नाही म्हणून काहीच करायचे नाही, हा युक्तिवाद नेहमी बलवानाच्या सोयीचा असतो. वर उल्लेख केलेल्या समितीने सुचवले होते: काही प्रजननस्थळांभोवती मासेमारी बंद ठेवा, काहींभोवती चालू ठेवा आणि फरक मोजा. २०११ मध्ये अल्युशियन बेटांच्या पश्चिम टोकाला अॅटका मॅकरेल आणि कॉडची मासेमारी थांबवली, तेव्हा अलास्का राज्य सरकार आणि मासेमारी उद्योग कोर्टात गेले. २००० नंतर पश्चिम समूहाचा बराच भाग सावरू लागला, पण त्या टोकाची घसरण सुरूच राहिली.