स्वादुपिंडाचा राखणदार

मळणीला बैल धरले की आपण त्यांच्या तोंडाला मुसकं बांधतो. बैल कामाचाच, पण तोंड मोकळं राहिलं तर ज्या धान्यासाठी राबायचं, तेच तो खाऊन टाकील. असाच बंदोबस्त निसर्गाने आपल्या पोटात केला आहे.

जठराच्या मागे, आडवे, सुमारे वीतभर लांबीचे स्वादुपिंड असते. अन्न पचविणारे रस तेथे तयार होतात. त्यांतले ट्रिप्सिन डाळ, दूध, मांस यांतील प्रथिने तोडते. आता कोणी विचारील, स्वादुपिंडही प्रथिनांचेच ना? मग ट्रिप्सिन त्यालाच का खात नाही?

कारण तेथे ते निद्रिस्त असते. लहान आतड्यात पोचल्यावर जागे होते. पण थोडेसे आधीच जागे झाले तर? तेव्हा एक चिमुकले प्रथिन ट्रिप्सिनच्या तोंडात जाऊन बसते आणि त्याचा जबडा बंद करते. हेच ते मुसके! १९४८ साली अमेरिकेत कझाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वादुपिंडातून वेगळे काढले. आज शास्त्रज्ञ त्याला स्पिंक-१ म्हणतात.

मात्र मुसकी थोडी आणि बैल फार. पित्ताशयातला खडा नळीत अडकला, किंवा दारूचा मारा झाला, की पुष्कळ ट्रिप्सिन जागे होते. मग स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते, सुजते. असे आत्मपचन होत असावे, हे प्रागच्या कियारी यांनी १८९६ सालीच सांगितले होते. काहींच्या बाबतीत हे मुसकेच जन्मतः सदोष असते. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रोग्यांत असा आनुवंशिक बदल २००० साली जर्मन संशोधकांना आढळला. पुढे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तो भारतीय रोग्यांतही दाखविला. पण बदल असला म्हणजे आजार होतोच, असे मात्र नाही.

मग हे प्रथिन वाढवून आजार टळेल काय? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या उंदरांच्या स्वादुपिंडात ते जास्त तयार होत होते, त्यांचा दाह सौम्य राहिला. आशा आहे, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि असे प्रथिन खाऊन भागत नाही, तेही इतर अन्नासारखे पचून जाते.

तोवर आपल्या हाती काय? दारू टाळावी. वरच्या पोटात जोराची कळ येऊन पाठीत शिरली, ओकाऱ्या थांबेनात, तर ओवा चावत, पोट शेकत रात्र काढू नका. रोग्याला तडक दवाखान्यात न्या. राखणदार थकला, की घरच्यांनीच धावायचं असतं.