फुलांना रंग देताना

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल परिसरात फाल्गुनात पळस फुलतो आणि निष्पर्ण रानाला केशरी झळाळी येते. रंगोत्सवाचा रंग पूर्वी याच फुलांपासून काढीत. आता लग्नघरांच्या सजावटीत निळा निशिगंध आणि हिरवी-जांभळी शेवंती दिसते. त्यांचा हा रंग पुष्कळदा माणसाने चढवलेला असतो. ही कला घरीही साधते. मात्र रंग निवडताना विवेक हवा.

ताज्या फुलाला वरून रंग लावावा लागत नाही. पाने आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत राहते व तिची भरपाई करण्यासाठी देठातील सूक्ष्म नलिकांतून पाणी वर चढते. त्यात विरघळलेला रंगही पाकळीपर्यंत पोहोचतो. यासाठी पांढरा निशिगंध किंवा शेवंती उत्तम. देठ पाण्याखाली धरून तिरपा कापावा, म्हणजे नलिकांत हवा शिरत नाही. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाद्यरंग मिसळून त्यात देठ उभे ठेवावेत. काही तासांत छटा उमटते; गडद रंगासाठी रात्रभर ठेवावे. देठ मधोमध उभा चिरून दोन भाग दोन रंगांत ठेवले, तर एकाच फुलावर दोन रंग येतात. हळद मात्र पाण्यात विरघळत नसल्याने देठातून वर चढत नाही.

वाळलेली फुले देठातून पाणी वर ओढत नाहीत, म्हणून तेथे रंग बाहेरूनच द्यावा लागतो. समारंभानंतर उरलेली फुले टाकून न देता सावलीत, हवेशीर जागी उलटी टांगावीत. उन्हात त्यांचा मूळ रंग उडतो. नाजूक पाकळ्यांवर रंग फवारावा. गव्हाच्या ओंब्या किंवा रानगवताचे तुरे गरम रंगीत पाण्यात काही मिनिटे बुडवून वाळवावेत. पळसाची फुले पाण्यात उकळून थोडी तुरटी घातल्यास अशा तुऱ्यांना पिवळसर-केशरी छटा येते. त्यासाठी बांधावर गळून पडलेली फुले वेचावीत. यावल अभयारण्यातील फुलांना हात लावू नये.

आता विवेकाचा प्रश्न. कापडाचे रंग स्वस्त आणि झगझगीत असतात. परंतु लहान मुले फूल तोंडात घालतात, गजऱ्याचा रंग घामाने त्वचेवर उतरतो आणि सजावटीची फुले अन्नाच्या ताटापर्यंत येतात. रोडामिन-बी हा गुलाबी रंग अन्नात वापरण्यास मनाई आहे. तो आढळल्यामुळेच तामिळनाडूने २०२४ मध्ये 'म्हातारीचे केस' या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. खाद्यरंग घेतानाही वेष्टन वाचावे. कार्माइन हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढतात; त्याचा क्रमांक १२०. कार्मोइझिन, क्रमांक १२२, हा नावाने जवळचा असला तरी कृत्रिम रंग आहे. अहिंसा पाळणाऱ्या घराने हा भेद अवश्य ध्यानी ठेवावा.

ज्या भगिनी हा छंद गृहोद्योग म्हणून वाढवू इच्छितात, त्यांनी पुष्पगुच्छासोबत 'रंगवलेली फुले' अशी चिठ्ठी जोडावी आणि वापरलेला रंगही सांगावा. दुकानाची पत अशा लहान चिठ्ठ्यांनीच वाढते.