ती, तो, ते आणि एकटा ‘त’

मोजणी संपली आणि पडद्यावर यादी उमटली. वरच्या ओळींत शब्द नव्हतेच, सुटी अक्षरं होती, आणि त्यांत ‘त’ ठळकपणे पुढे होता. ‘ती’ त्यात होती, ‘तो’ होता, ‘ते’ होते. ‘त्या’तला अर्धा भागही तिथेच जाऊन पडला होता. स्त्री, पुरुष, एकवचन, अनेकवचन, सगळ्यांचा मिळून एक ‘त’.

या ‘त’बद्दल ऐकूनच पुण्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाणं झालं. जुन्या मराठी मासिकांची पानं स्कॅन करायची, यंत्राकडून त्यांतला मजकूर वाचून घ्यायचा आणि कोणता शब्द किती वेळा येतो याची सूची तयार करायची, असं इथलं काम आहे. स्क्रिप्ट लिहिणारी मुलगी पंचविशीतली. शेजारी बसणाऱ्या ताईंचा जन्म मुद्रितशोधनात गेलेला. स्कॅनिंग, फायलींची नावं, पानांचे क्रमांक ही कामं रोजच्या सवयीनं उरकतात. खरा वेळ जातो तो शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवण्यात.

स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा लोकांपुढे ठेवली. मजकुरातले साचे शोधण्यासाठी तिच्यात रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय आहे. ही कल्पना पायथनपेक्षा बरीच जुनी. गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात ती मांडली, केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्यावरून मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे युनिक्समधल्या ग्रेप या छोट्या प्रोग्रॅममुळे ती घरोघरच्या संगणकांवर पोचली. शब्दात चालणारं कोणतंही चिन्ह पकडायचं असेल तर या लिपीत बॅकस्लॅश आणि डब्ल्यू लिहितात. पुढे अधिकचं चिन्ह दिलं की अशी सलग चिन्हं एकत्र मिळतात. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शब्द मोजण्याचा पहिला धडा हाच असतो.

मराठीत तो धडा पहिल्याच ओळीत फसतो. चिन्ह शब्दातलं आहे की नाही हे ठरवताना पायथन विचारतो, हे अक्षर आहे का, किंवा अंक आहे का? युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण ही अक्षरं नाहीत, अक्षराला लागणारी चिन्हं आहेत. त्यामुळे पायथन प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तोडतो. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. ‘कोल्हापूर’चे पाच होतात: क, ल, ह, प, र. ‘आहे’चं ‘आह’ उरतं. शाबूत राहतात ते फक्त पहिलीच्या पुस्तकातले बिनकाना-मात्रेचे शब्द, घर, कमळ, बदक. आणि ‘आई’, कारण तिच्यातले दोन्ही स्वर स्वतंत्र अक्षरं आहेत.

याला तयार उपाय आहेत. भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही भाषा आणली. तिच्यात बॅकस्लॅश-डब्ल्यू हीच खूण काना-मात्रांना शब्दात धरते. पायथनसाठीही ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज मिळतं. तरी या मुलीनं चिन्हांचा पल्ला स्वतः लिहून दिला आहे. कोणतं चिन्ह आत घेतलं आणि कोणतं बाहेर ठेवलं हे उद्या दुसऱ्या कुणालाही स्क्रिप्टमध्ये वाचता यावं, एवढाच तिचा आग्रह. तो पटण्यासारखा आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी सगळ्या तिथेच नांदतात. हा आकडा मुलीच्या बोलण्यात सारखा येतो. त्या १२८ मध्ये दंडही आहे, म्हणून अभंग छापलेल्या पानावर ‘विठ्ठल’ आणि दंड चिकटलेला ‘विठ्ठल।’ असे दोन शब्द झाले आणि दंड वगळावा लागला. उलट, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही फायलींत ज्या अदृश्य जोडचिन्हानं लिहिला जातो, ते झिरो विड्थ जॉइनर १२८ च्या बाहेर आहे. ते आत घ्यावं लागलं, नाहीतर ‘दुसऱ्या’ मधोमध तुटायचा. पण आत घेतल्यावर मोजणीसाठी शब्दाची ‘की’ बनवताना तेच चिन्ह काढायचं की ठेवायचं, हा पुढचा प्रश्न उभा राहतो.

मोजणी पायथनच्या डिक्शनरी नावाच्या रचनेत साठते. ‘की’ म्हणजे तिच्यातला शब्द, आणि व्हॅल्यू म्हणजे तो किती वेळा आला त्याचा आकडा. लिस्टमध्ये एखादा शब्द आहे का हे पाहायचं तर यंत्र पहिल्यापासून एकेक शब्द तपासत जातं. डिक्शनरी कीवरून एक संख्या काढते आणि त्या संख्येनं दाखवलेल्या जागी थेट जाते. म्हणून लाखभर शब्द जमले तरी ती अडखळत नाही. मात्र तिला डोळे नाहीत. पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळ्या चिन्हांनी लिहिलेले असतील, तर तिच्या लेखी ते दोन शब्द. १२८ जागांमधला ‘ॲ’ २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत होते, आजही अनेक जण तसंच करतात. र आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ करून देणारं युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन ‘ॲ’ना मात्र एक मानत नाही. तो बदल मुलीनं हातानं लिहिला.

सगळ्यात जास्त जीव गुंततो तो जुन्या लेखनापाशी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या अंकांत ‘नाहीं’, ‘घरें’, ‘त्यानें’ असं छापलेलं आहे. शेवटचा अनुस्वार सरसकट काढायचा साचा एका ओळीत लिहिता येतो, पण त्यानं ‘स्वयं’चं ‘स्वय’ होतं आणि बोलण्यातलं ‘असं’ ‘अस’ होऊन बसतं. ताईंनी कागदावर लिहून दिलं: दीर्घ वेलांटी किंवा मात्रा यांच्यावरचाच शेवटचा अनुस्वार काढ. चौकटी कंसात ती दोन चिन्हं टाइप केली की ती कंसाला चिकटून विचित्र दिसतात, म्हणून साच्यात त्यांचे क्रमांक घातले. मूळ रूप मात्र पुसलेलं नाही. ‘नाही’ या कीसमोर आकड्याऐवजी एक लिस्ट आहे आणि तिच्यात ‘नाहीं’ आणि ‘नाही’ दोन्ही आपापल्या मोजणीसह आहेत. छापलेलं अक्षर पुसायचं नाही, हा ताईंचा नियम डिक्शनरीनं सहज सांभाळला.

प्रत्यय तोडण्याचा मोह असाच आवरावा लागतो. ‘घराला’, ‘घरात’, ‘घराच्या’ एका ‘घर’खाली आणायचे म्हणून शेवटचा ‘ला’ कापला, तर ‘कला’चा ‘क’ उरतो आणि ‘मला’चा ‘म’. ‘त’ कापला तर ‘हात’ आणि ‘भात’ दोन्ही जातात. म्हणून आधी न तोडायच्या शब्दांचा सेट, मग साचा. ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांनाही हीच रीत. जोडलेलं रूप सेटमध्ये सापडलं तर संयोगचिन्ह काढायचं. ‘आई-वडील’सारखा शब्द असेल तर ते राहू द्यायचं. सेटमध्ये नसलेला शब्द ताईंपुढे येतो, आणि त्या मूळ पान उघडून पाहतात. हे काम यंत्रानं केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. साचा एका क्षणात चालतो, पण तो कुठे चालवायचा नाही हे सांगायला मराठी वाचत आलेलं माणूस लागतं.

पल्ला बदलल्यानंतरच्या यादीत ‘ती’, ‘तो’ आणि ‘ते’ आपापल्या ओळीत आले. ताईंनी तिन्ही ओळींवर बोट ठेवून आकडे वाचले.

आता क्रम लावणं चाललं आहे. पायथनची साधी क्रमवारी चिन्हांच्या क्रमांकानं चालते. त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे जाऊन बसतो, आणि ‘ॲ’नं सुरू होणारे शब्द ‘ह’च्याही पुढे, अगदी तळाला जातात. मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. म्हणून मुलीनं वर्णक्रमाची स्वतंत्र लिस्ट करून तिच्यावरून क्रम काढणारं फंक्शन क्रमवारीला दिलं आहे. ‘ॲ’ला ‘अ’च्या शेजारी जागा मिळाली. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी स्वतंत्र अक्षरं म्हणून ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या जोडाक्षरांत, यावर दोघींचं अजून जमलेलं नाही. ताईंना ते शेवटी हवे आहेत. मुलीचं म्हणणं, शोधणारा ‘क’मध्येच पाहील. तोवर स्क्रिप्टमध्ये दोन्ही क्रम आहेत, एक चालू आणि दुसरा शेरा म्हणून झाकलेला.