मेल सर्व्हरची टेबलं इनोडीबीवर नेताना

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम शिकलेले शब्द मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ठेवू शकतो. मग जवळपास प्रत्येक मेलगणिक टेबलात लिहिणं होतं. जुन्या सर्व्हरवर हे टेबल मायआयसॅम या साठवण इंजिनावर असेल, तर एका मेलच्या नोंदीसाठी अख्खं टेबल कुलूपबंद होतं आणि बाकीचे मेल खोळंबतात. इनोडीबी हे दुसरं इंजिन मात्र फक्त त्या ओळीला कुलूप लावतं. वीज गेली तरी स्वतःच्या लॉगवरून सावरतं, आणि मेल सर्व्हरसाठी हा गुण वेगाहूनही मोलाचा!

इनोडीबी हे हेइक्की तुउरी या फिनिश अभियंत्याचं काम. 2010 मधल्या मायएसक्यूएल 5.5 पासून नव्या टेबलांसाठी तेच डीफॉल्ट इंजिन आहे. पण आधी बनलेली टेबलं आपोआप बदलत नाहीत.

आधी बॅकअप घ्यावा, मेल सेवा थांबवावी, मग एकेका टेबलावर 'ऑल्टर टेबल' चालवून इंजिन बदलावं. रूपांतरात टेबल नव्याने लिहिलं जातं, म्हणून डिस्कवर मोकळी जागा हवीच. मायएसक्यूएल 8.0 च्या आधीच्या आवृत्त्यांत 'मायएसक्यूएल' नावाच्या डेटाबेसमधल्या सिस्टिम टेबलांना अजिबात हात लावू नये.

इनोडीबी डेटा मेमरीत ज्या जागेत ठेवतं, तो बफर पूल मूळचा 128 एमबीच असतो. भरपूर मेमरी असलेल्या सर्व्हरवर तो वाढवला नाही, तर रूपांतराचा निम्मा फायदा वायाच जातो.